संगणकाची भाषा आणि नोकरीची शाश्वती

परीक्षांचे निकाल लागले की संगणक-शिक्षणाच्या जाहिरातींना ऊत येतो. अमुक महिन्यांत अमुक भाषा शिका आणि नोकरी मिळवा, असे आश्वासन त्यांत असते. फीसाठी कर्ज काढणाऱ्या पालकाच्या मनात मात्र आज वेगळीच धास्ती आहे. साध्या वाक्यात सांगितलेले काम यंत्रच आता प्रोग्रॅमच्या रूपात लिहून देऊ लागले आहे. मग मुलाने शिकावे तरी काय?

ही धास्ती निराधार नाही. तथापि, कोणत्या भाषेला मागणी आहे याची चौकशी करून ती फिटणार नाही. १९५९-६० च्या सुमारास घडविलेली कोबोल कालबाह्य झाल्याचे आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो. परंतु एप्रिल २०२० मध्ये बेकारभत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला, तेव्हा अमेरिकेतील न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांसाठी जाहीर आवाहन करावे लागले. उलट, एके काळी सर्वत्र दिसणाऱ्या फ्लॅशचा आधार त्याच वर्षाच्या अखेरीस काढून घेतला गेला. भाषेवर आयुष्याची पैज लावणे हा मटक्याचाच प्रकार होय.

४ जून १९९६ रोजी फ्रेंच गियानातील कुरू येथून उडालेला एरियन-५ हा अग्निबाण पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाला. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेचा प्रोग्रॅम एरियन-४ वरून घेतलेला होता. ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांच्या जागेत बसविण्याचे काम त्यात होते, आणि त्या जागेत ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. जुन्या अग्निबाणाच्या मार्गात ती तेवढी वाढणारच नव्हती, म्हणून तेथे संरक्षण ठेवलेले नव्हते. नव्याचा आडवा वेग अधिक होता. राखीव यंत्रणाही तोच प्रोग्रॅम चालवीत असल्याने दोन्ही एकाच कारणाने बंद पडल्या. विशेष म्हणजे उड्डाणानंतर एरियन-५ ला त्या गणिताची गरजच नव्हती!

येथे भाषेचे ज्ञान कमी पडले नव्हते. चौकशी समितीला असे आढळले की, संरक्षण न ठेवण्यामागचे कारण प्रोग्रॅमच्या मजकुरात नोंदलेलेच नव्हते. एक सुबोध वाक्य तेथे असते, तर नंतरच्या वाचकाला निदान थबकण्यास निमित्त मिळाले असते. दुसऱ्याने लिहिलेले बारकाईने वाचणे, त्यातील गृहीतके हुडकणे, आणि आपली गृहीतके स्वच्छ गद्यात मांडणे, ही कौशल्ये कोणत्याही भाषेबरोबर जुनी होत नाहीत. यंत्र प्रोग्रॅम लिहू लागल्यावर तर वाचणाऱ्याची जबाबदारी वाढलीच आहे, कारण चूक तेही तितक्याच आत्मविश्वासाने करते. गणिताचा पाया आणि माहितीची रचना यांचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

आपल्याकडे मात्र प्रात्यक्षिकाचे जर्नल मित्राच्या वहीवरून उतरवून काढणे हीच परंपरा आहे. (शिक्षकांनाही ते ठाऊक असते.) मराठी माध्यमातील विद्यार्थी तर इंग्रजीच्या भीतीने लिहिण्याचेच टाळतो. वस्तुतः प्रश्न नेमका मांडण्याची सवय मराठीतही लागते. ती लागली की इंग्रजीतील मांडणीचे निम्मे ओझे उतरते. प्रात्यक्षिक परीक्षेत पाठ केलेला प्रोग्रॅम लिहून घेण्याऐवजी, दुसऱ्याचा शंभर ओळींचा सदोष प्रोग्रॅम विद्यार्थ्यापुढे ठेवावा, आणि दोष कोठे आहे व तो का घडला, हे एका पानात लिहिण्यास सांगावे. त्यासाठी नवी यंत्रसामग्री लागत नाही; विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांनी मनावर घेतले, तर येत्या वर्षापासूनही हे करता येईल.