दुहेरी कापड आणि आपला एकेरी धंदा

पिंपळनेरला थंडी पडू लागली की रजई-गादीचे गिऱ्हाईक वाढते. रजई म्हणजे काय? वरचे कापड, खालचे कापड, मध्ये कापूस आणि सर्वांना धरून ठेवणारा टाका. आमच्या पिंजारी बांधवांची पिढ्यान्‌पिढ्यांची रोजी या टाक्यावर चालली. आता तयार ब्लँकेटांच्या ढिगामुळे हे काम कमी झाले आहे. तिकडे धुळे-मालेगावचे विणकर बांधवही हैराण आहेत. साधा माग भंगाराच्या भावाने विकावा की चालवावा, असा प्रश्न पडलेल्या एका नातेवाईकाने मला सल्ला विचारला, त्यावरून हे लिहीत आहे.

रजईतला टाका सुईने घातला जातो. पण दोन कापडे मागावरच एकावर एक विणून तिथेच जोडता येतात, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? यालाच दुहेरी कापड म्हणतात. आपल्याला दूर जायला नको. नवापूरमार्गे सुरतेच्या पुढे भरूच आहे. तेथील मुस्लिम विणकर हातमागावर ‘सुजनी’ विणतात. दोन थरांचे चौकोनी कप्पे तयार होतात आणि विणता विणताच त्यांत कापूस भरला जातो. सुईचा एक टाकाही लागत नाही. या कलेला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

याची रीत अवघड नाही. ताण्याचे एकाआड एक धागे वरच्या कापडाला व राहिलेले खालच्या कापडाला द्यायचे. साध्या विणीला प्रत्येक थरासाठी दोन, म्हणजे एकूण चार फ्रेम लागतात. वरचा थर विणताना खालचे सर्व धागे खाली राहतात. खालचा विणताना वरचे सर्व धागे उचलून धरायचे. दोन थरांना दोन वेगळे धोटे वापरले तर दोन सुटी कापडे निघतात. मध्येच वरचे धागे खाली व खालचे वर घेतले की तिथे थर जोडले जातात आणि सुजनीसारखा कप्पा बनतो. दुसरी रीत म्हणजे खालचा एखादा धागा वर आणून वरच्या बाण्यावरून नेणे. हे टाके फार झाले तर कापड ताठर होते, फार कमी झाले तर थर सरकतात. दोन थरांची वीण किंवा सूत वेगळे असेल तर बीमही दोन लावावे, नाहीतर एक थर झोळ देतो.

आता मुद्द्याची गोष्ट. एकच धोटा आळीपाळीने वर आणि खाली चालवला, तर बाणा दोन्ही कडांना वळतो व बिनशिवणीची नळी तयार होते. उशीची खोळ, पिशवी, पोते यांसाठी दोन्ही बाजूंची शिवण वाचते. वर, खाली, खाली, वर असा क्रम ठेवला तर एकच कड बंद राहते आणि उलगडल्यावर दुप्पट पन्ह्याचे कापड मिळते. रेपियर माग प्रत्येक बाणा कडेला कापतो, म्हणून अशी बंद कड त्याला साधत नाही. ज्या जुन्या धोट्याच्या मागाला आपण ओझे समजतो, त्याच्याकडेच हा गुण आहे!

मात्र भाबडेपणा नको. साध्या मागाला चार फ्रेमसाठी टॅपेट बदलावे लागतील किंवा डॉबी बसवावी लागेल. नळी विणताना ताण्याच्या धाग्यांची एकूण संख्या विषम ठेवावी, नाहीतर कडेला दोन धागे जोडीने बसून वीण बिघडते. तेवढ्याच लांबीला पिके दुप्पट मारावी लागतात. तेव्हा मजुरी मीटरवर ठरवाल तर बुडाल, पिके मोजूनच दर बोला. आणि गिऱ्हाईक पक्के केल्याशिवाय चार-सहा माग एकदम बदलू नका.

आज सूत व्यापाऱ्याचे, कापड व्यापाऱ्याचे आणि भावही व्यापाऱ्याचा. कारण आपण जे विणतो ते शेजारचा कोणीही विणू शकतो. सोलापूरच्या विणकरांनी दोन्ही बाजूंनी वापरता येणाऱ्या जॅकार्डच्या चादरीवर आपल्या गावाचे नाव देशभर केले. धुळे-मालेगावच्या विणकरांकडे हात आहेत, माग आहेत, आणि खानदेशात कापूसही पिकतो. कमी आहे ती विणीच्या अभ्यासाची. मालेगावला केंद्र सरकारचे यंत्रमाग सेवा केंद्र आहे. एखाद्या हुशार मुलाला तिथे पाठवा, एक माग त्याच्या हवाली करा आणि आधी उशीची खोळ विणून पिंपळनेरच्या बाजारात आणा.

माझ्या नातेवाईकाला मी हेच सांगितले आहे. चारातले तीन माग विकायचे तर विक, पण एक ठेव. भंगारवाला लोखंडाचे वजन करतो, मागाच्या अंगच्या हुन्नराची किंमत त्याच्या काट्यावर येत नाही.