भाडे कमी होईल, हक्कांचे काय?

मुंबई-पुण्यात नोकरी करणारी आपली नवविवाहित जोडपी आता हैदराबाद, इंदूर, रायपूरचे हिशेब मांडू लागली आहेत. दोघांच्या पगारातला मोठा वाटा भाड्यात जातो, वन बीएचके घ्यायचा तर निम्मे आयुष्य बँकेकडे गहाण पडते. मग स्वस्त राज्यात जाण्याचा विचार चूक कसा म्हणायचा? जाऊ नका, असे आम्ही म्हणणार नाही. ज्यांच्या आज्या-आजोबांनी गावकी झुगारून गिरण्या, गोदी आणि रेल्वे गाठली, त्या समाजाला स्थलांतराची भीती कोणी घालू नये. देशात कुठेही राहण्याचा हक्क संविधानाच्या कलम 19 ने दिलेलाच आहे.

पण या हिशेबात एक रकाना कोराच राहतो. जात राज्याची सीमा ओलांडते, आरक्षण ओलांडत नाही.

कलम 341 प्रमाणे अनुसूचित जातींची यादी राज्यागणिक ठरते. आंध्र प्रदेशातील अनुसूचित जमातीचा एक विद्यार्थी वडिलांच्या नोकरीमुळे मुंबईत आला. इथल्या वैद्यकीय महाविद्यालयात त्याला राखीव जागा नाकारली गेली आणि 1990 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तो नकार कायम ठेवला. अनुसूचित जातींनाही तोच नियम लागू आहे. 1994 आणि 2018 मध्ये घटनापीठांनी त्याला दुजोरा दिला. मध्य प्रदेश आणि कर्नाटकच्या यादीत 'महार' आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. जात दोन्ही याद्यांत असली तरी बाहेरून आलेल्याला त्या राज्याच्या नोकऱ्यांत आणि प्रवेशांत आरक्षण मिळत नाही. इंदूरला गेलात की मध्य प्रदेश सरकारच्या लेखी तुम्ही खुल्या प्रवर्गातले.

खरा फटका पुढच्या पिढीला बसतो. तिकडे जन्मलेल्या मुलाला वडिलांच्या दाखल्यावरून जातीचा दाखला मिळू शकतो, पण त्या राज्याच्या सवलती त्याच्या वाट्याला येत नाहीत. महाराष्ट्रात परत यावे, तर वैद्यकीय प्रवेशाच्या राज्य कोट्यासाठी साधारणपणे दहावी-बारावी इथूनच झालेली लागते. मूल ना इकडचे, ना तिकडचे.

न्यायालयाचा तर्क असा की, एका राज्यात एखाद्या जातीला जे भोगावे लागते ते दुसऱ्या राज्यात भोगावे लागेलच असे नाही. आम्हाला हा तर्क पटत नाही. 1917 साली परदेशातून उच्चशिक्षण घेऊन आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानात नोकरीला गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहावे लागले आणि तिथूनही हाकलले गेले. आडनाव विचारणारा घरमालक आजही कोणत्या राज्याची यादी पाहून खोली नाकारत नाही.

याचा अर्थ तेलंगणातल्या माला-मादिगा पोरांच्या ताटातले ओढून घ्यावे असा नाही. त्यांचा वाटा त्यांचाच. पण रेशनकार्डावरचे धान्य आता देशात कुठेही मिळते, पीएफचा खातेक्रमांक नोकरीबरोबर फिरतो, मग प्रतिनिधित्वाचा हक्कच तेवढा सीमेवर का अडवला जातो? एखाद्या राज्यात जन्मलेल्या आणि तिथेच शिकलेल्या स्थलांतरितांच्या मुलांसाठी स्थानिकांच्या वाट्याला हात न लावता वाढीव जागा द्याव्यात आणि संसदेने तसा कायदा करावा, ही मागणी आपल्या संघटनांनी लावून धरली पाहिजे.

तोवर जाणाऱ्यांनी शहाणपणाने जावे. दोघांचेही जातीचे दाखले आणि शक्य असेल तर जात वैधता प्रमाणपत्र इथेच काढून घ्या. 10 ऑगस्ट 1950 पूर्वीच्या वास्तव्याचे पुरावे परराज्यातून गोळा करणे सोपे नसते. केंद्राच्या नोकऱ्या आणि केंद्रीय संस्थांतले प्रवेश यांसाठी महाराष्ट्राचा दाखला देशभर चालतो, हे विसरू नका. दाखल्यावर बौद्ध लिहिले म्हणून तिकडचा एखादा बाबू अडवू लागला, तर 1990 च्या दुरुस्ती कायद्याने बौद्धांना अनुसूचित जातींत स्थान दिले आहे, हे त्याला ठणकावून सांगा. आणि अत्याचार झाला तर गप्प बसू नका. ॲट्रॉसिटी कायद्याचे संरक्षण मूळ राज्यापुरते मर्यादित नाही, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 2023 मध्ये दिला आहे.

शेवटचे, पण महत्त्वाचे. बहुतेक वेळा नवऱ्याची नोकरी पाहून शहर ठरते आणि बायकोची एमपीएससीची पुस्तके माळ्यावर जातात. तिचा राज्यसेवेचा अभ्यास चालू असेल, तर वाचलेल्या भाड्यासमोर तिच्या संधीचीही किंमत मांडा. निर्णय दोघांनी मिळून घ्या. भाड्याचा फरक दर महिन्याला कळतो. हक्क गेल्याचे कळायला अठरा वर्षे लागतात, आणि तेव्हा फॉर्म भरत असते आपले मूल.

जयभीम!