कासची कारवी नोटेवर का नको?

या आठवड्यात ते चित्र मोबाइलवर पुन्हा फिरलं. पाचशेच्या नोटेवर लाल किल्ल्याच्या जागी प्रतापगड. मराठ्यांचे बारा किल्ले जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेले, प्रतापगड त्यांतलाच, म्हणून सातारकरांचा उत्साह मला कळतो. पण वारसा म्हटलं की आपली नजर दगडी बांधकामापलीकडे जात नाही, हे दुखणं जुनंच. आज नोटांच्या मागे काय आहे? कोणार्क, वेरूळ, हंपी, राणी की वाव, सांची, लाल किल्ला. पूर्वीच्या दहाच्या नोटेवर निदान गेंडा, हत्ती, वाघ तरी होते.

फिजीने २०१३ मध्ये नोटांवरून ब्रिटनच्या राणीचं चित्र काढलं आणि तिथे कुणा पुढाऱ्याला बसवलं नाही. शंभर डॉलरच्या नोटेवर नानाई आली. झाडावर किरकिरणारा हा कीटक आठ वर्षांतून एकदाच जमिनीबाहेर येतो. पन्नासच्या नोटेवर तिथल्या डोंगरातलं एक रानफूल आलं. छोट्या बेटांच्या देशाला आपलं काय, हे नेमकं ठाऊक होतं.

आणि आपल्याकडे? कासच्या पठारावर टोपली कारवी सात वर्षांनी फुलते, बी धरते आणि मरून जाते. नानाईची इतकी जवळची बहीण साताऱ्यापासून तासाभराच्या वाटेवर असताना नोटेसाठी तिचं नाव कुणी घेत नाही. सांगलीजवळ हरिपूरला जमिनीत खोदलेली हळदीची पेवं आहेत. त्यांत हळद वर्षानुवर्षं टिकायची. महापुराचं पाणी शिरून त्यांतली बरीच गेली. किल्ल्यांकडे आता जगाचं लक्ष आहे. पेवांकडे कोण बघणार?

गडाऐवजी फूल मागण्यात शिवाजी महाराजांचा मान कमी होतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी महाराजांची शिवराई हातात घेऊन पाहावी. तिच्यावर ना महाराजांची छबी, ना गड. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. एवढ्या अक्षरांवर ते तांब्याचं नाणं पेशवाई बुडाल्यावरही आपल्या बाजारांत चाललं.

नोटेचा नमुना रिझर्व्ह बँकेच्या केंद्रीय मंडळाच्या शिफारशीवरून केंद्र सरकार मंजूर करतं. सातारा-सांगलीच्या खासदारांनी मागणी जरूर करावी, पण त्या पत्रात कारवी आणि हरिपूरचं पेव ही दोन नावं आधी लिहावीत.