तंजावरची मराठी

माझी आजी तिरुवैयारुला राहते. वसतिगृहात रविवारी तिचा फोन आला की मी कोपऱ्यात जाऊन हळू बोलतो. तिच्या आणि माझ्या मराठीत तमिळ शब्द खूप, हेलही वेगळा. मुले हसतात. लाज वाटू नये म्हणून मीही हसतो.

या सुटीत आजीने मला तंजावरचा राजवाडा दाखवला. नायक राजांच्या या वाड्यातून १८५५ पर्यंत भोसल्यांनी राज्य केले. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांचे हे घराणे. पण १७९९ च्या तहात दुसऱ्या सरफोजीराजांनी कारभार कंपनीला दिला आणि त्यांच्याकडे किल्लाच तेवढा उरला. कॅडेट असल्यामुळे असेल, दरबारात उभा असताना मला याचा रागच आला. लढले का नाहीत?

मग वाड्यातलेच सरस्वती महाल ग्रंथालय पाहिले. सरफोजीराजांनी ते ग्रंथांनी भरून टाकले. मोडीतले मराठी कागद तिथे ढिगांनी आहेत. त्यांच्याही आधी, १६८४ ते १७१२ या काळात गादीवर असलेल्या शहाजीराजांनी मराठी नाटके लिहिली. सांगलीत विष्णुदास भाव्यांचे 'सीता स्वयंवर' झाले ते १८४३ मध्ये!

मित्रांनो, माझे मत स्पष्ट आहे. आमची मराठी बिघडलेली नाही, ती पुण्याहून दूर वाढली एवढेच. इतिहासाच्या पुस्तकात तंजावरला दोनच ओळी मिळतात, म्हणून तुम्हाला हसू येते. मलाही हे कुठे माहीत होते?

येत्या रविवारी मी व्हरांड्यात सर्वांसमोर बोलणार आहे.