खारफुटी उपग्रहाला दिसते, गाळ दिसत नाही

बुवापाड्यात खाडी नाही. मग इथल्या माणसाने खारफुटी मोजण्याच्या सॉफ्टवेअरचं करायचं काय? माझं उत्तर: वालधुनी. अंबरनाथ, उल्हासनगर ओलांडून ती कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते, आणि आपण तिच्यात सोडलेलं सगळं पुढे खाडीत, खारफुटीच्या मुळांशी जातं.

यातला झाडांचा हिशोब आता सोपा झालाय. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाची १० मीटर बारकाव्याची चित्रं फुकट मिळतात, ‘ग्लोबल मँग्रोव्ह वॉच’चे १९९६ पासूनचे नकाशे खुले आहेत आणि दोन्ही क्यूजीआयएसमध्ये एकावर एक ठेवता येतात. फक्त भरती-ओहोटीची वेळ तपासा, नाहीतर ओहोटीचा चिखल नवी जमीन वाटेल. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये खारफुटीभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यात बांधकामाला मनाई केली. तो पट्टा अशा नकाशावर कुणालाही आखता येतो.

पण झाड उभं आहे म्हणजे सगळं ठीक, असं नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरला टँकरमधून वालधुनीत रसायन सोडलं गेलं, शेकडो लोक रुग्णालयात गेले. पाणी वाहून जातं. जड धातू मात्र बारीक गाळाला चिकटून थराथरांत राहतात. खाडीत पाइप खुपसून गाळाचा उभा नमुना काढायचा, त्याच्या चकत्या करायच्या आणि प्रत्येकीतलं शिसे-२१० मोजायचं. ते साधारण २२ वर्षांत निम्मं होतं, म्हणून थराचं वय काढता येतं. आकडेमोडीसाठी ‘आर’मधलं ‘आरप्लम’ हे पॅकेज मोफत आहे. ते वयासोबत चुकीची शक्यताही सांगते. हे महत्त्वाचं, कारण खेकडे बिळं करून थर कालवतात!

अडतं ते प्रयोगशाळेच्या खर्चापाशी आणि डेटापाशी. प्रदूषण नियंत्रण मंडळ पाण्याचे आकडे संकेतस्थळावर टाकतं, पण पाण्याची बाटली त्या घटकेचंच सांगते. गाळाच्या नमुन्यांचा ‘कोस्टल कार्बन अ‍ॅटलस’ हा खुला साठा आहे. त्यात भर अमेरिकेतल्या नोंदींचा, आणि मोजमाप मुख्यतः कार्बनचं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. सरकारी पैशातून खाडीचा गाळ तपासला, की स्कॅन केलेल्या पीडीएफऐवजी सीएसव्ही फाइल द्या. ठिकाण, तारीख, खोली आणि मोजलेला आकडा, चार रकाने पुरेत.