पगार एक, जगणे दोन



गोहलपुरच्या सभेत मराठी साथी नेहमी म्हणतात, "नागपूरला बदली झाली की सुटलो." १९५६ पूर्वी जबलपूर आणि नागपूर एकाच राज्यात होती. आजही रेल्वे-टपाल कामगाराचा मूळ पगार दोन्हीकडे सारखाच. घरभाडे भत्त्यासाठी दोन्ही शहरे ‘वाय’ वर्गात. मग फरक कुठे? २०११ च्या जनगणनेत साक्षरता महाराष्ट्रात ८२ टक्के, मध्य प्रदेशात ६९. २०२० साली हजार जन्मांमागे वर्षाच्या आत दगावलेली बालके तिकडे १६, इकडे ४३. पगार केंद्र देते. गावचा दवाखाना नि शाळा राज्याच्या हाती. बदलीने एक कुटुंब सुटेल. शेजारचा हमाल, कंत्राटी सफाई कामगार इथेच राहील. म्हणून आपल्या मागणीपत्रात महागाई भत्त्याच्या जोडीला सरकारी दवाखाना आणि शाळाही आलीच पाहिजे.