विश्लेषण : डुकराची चरबी, संगमरवराची कुंडी आणि स्वच्छतेचा नियम

इटलीतील कारारा जगाला ठाऊक आहे ते पांढऱ्या संगमरवरासाठी. मायकेलअँजेलो दगड निवडायला स्वतः तिथे जात असे. त्याच डोंगरात, सुमारे ५३० मीटर उंचीवर कोलोन्नाता नावाची छोटी वस्ती आहे. तिथे खाणीतल्या दगडाच्याच कुंडीत डुकराची चरबी मुरवतात. तिचे नाव ‘लार्दो’. खाणकामगारांची ही साधी शिदोरी १९९९ मध्ये मात्र सरकारी तपासणीच्या कचाट्यात सापडली आणि युरोपभर वादाचा विषय झाली.

लार्दो कसा मुरतो?

डुकराच्या पाठीवरची जाड चरबी घेतात. ती किमान तीन सेंटिमीटर जाडीची असावी लागते. कुंडीला आतून लसूण चोळला जातो. मग एक थर चरबीचा, त्यावर जाडे समुद्री मीठ, मिरी, रोझमेरीची पाने आणि लसूण, पुन्हा चरबी, असे थर रचत कुंडी भरतात आणि वर संगमरवराची लादी ठेवून किमान सहा महिने बंद ठेवतात. ना शिजवणे, ना धुरी देणे.

कैरीला मीठ लावून ठेवले की खार सुटतो, हे मराठी घरात सांगावे लागत नाही. इथेही तेच होते. मीठ चरबीतले थोडेफार पाणी ओढून घेते, खार साचतो आणि चरबी त्यात बुडून राहते. जंतूंना वाढायला पाणी लागते, ते उरत नाही. जाड दगड आतला भाग थंड ठेवतो. उजेड आणि हवा फारशी न लागल्याने चरबी खवटही होत नाही. यात जादू नाही, मिठाचे प्रमाण आणि गारवा सांभाळणे एवढेच आहे.

खातात कसा?

दिवसभर दगड फोडणाऱ्या माणसाला स्वस्तात भरपूर ताकद देणारे अन्न हवे होते. एक ग्रॅम चरबीतून सुमारे नऊ किलोकॅलरी मिळतात, म्हणजे तेवढ्याच पिठापेक्षा दुपटीहून जास्त. त्यामुळे पावात लार्दोचे काप, सोबत कांदा-टोमॅटो, की झाले जेवण. आता हॉटेलांत तोच लार्दो कागदासारखा पातळ कापून गरम भाजलेल्या पावावर ठेवतात. उष्णतेने तो पारदर्शक होतो. लसूण आणि पाल्याबरोबर बारीक चिरून तो रश्शाच्या फोडणीलाही वापरतात. मायकेलअँजेलोही लार्दो घेऊन जायचा, असे सांगितले जाते. ही गोष्ट विक्रीला सोयीची आहे, एवढे खरे.

ही पद्धत एकट्या इटलीची नाही. युक्रेनमध्ये खारवलेल्या चरबीला ‘सालो’ म्हणतात. काळ्या पावावर, कच्च्या लसणासोबत ती खातात किंवा लसणाबरोबर कुटून उकळत्या बोर्शमध्ये घालतात.

मग वाद कशाचा?

अन्नाला लागणारा पृष्ठभाग गुळगुळीत, धुता येण्याजोगा आणि काही न शोषणारा असावा, अशी आधुनिक नियमांची अपेक्षा. संगमरवर तर सच्छिद्र. आरोग्य यंत्रणेने लार्दोचा साठा रोखला, नमुने तपासले. चरबीत वावगे काही निघाले नाही. तरी प्रश्न राहिलाच : भांडे तपासायचे की त्यातला पदार्थ? कार्लो पेत्रीनी यांच्या ‘स्लो फूड’ चळवळीने हा मुद्दा उचलून धरला. २००४ मध्ये युरोपीय संघाने ‘लार्दो दि कोलोन्नाता’ला भौगोलिक मानांकन दिले. पुढच्या वर्षी नियमांतही पारंपरिक पदार्थांची भांडी आणि जागा यांच्याबाबत सवलतीची वाट ठेवली गेली. ती आधीच असती तर बरे झाले असते.

पण परंपरा आहे म्हणून पदार्थ सुरक्षित, हा युक्तिवादही लंगडा आहे. मीठ कमी पडले किंवा कुंडी गरम जागी राहिली, तर आजोबांची पद्धत कुणाला वाचवत नाही. कोलोन्नाताची बाजू टिकली ती पदार्थ तपासणीत उतरला म्हणून.

मानांकनाचा अर्थही नीट पाहायला हवा. डुकरे कोलोन्नातातलीच हवीत, अशी अट नाही. ती इटलीच्या ठरावीक प्रांतांतून येतात. राखीव आहे ते मुरवण्याचे ठिकाण आणि कृती. नाव वाचले आणि नक्कल रोखण्याचा कायदेशीर आधार मिळाला, हे चांगलेच झाले. मात्र गरिबाची शिदोरी आता चोखंदळांच्या ताटातला महाग काप झाली आहे, आणि हा बदल मानांकनाच्या कागदावर कुठेच दिसत नाही.

गोव्याशी संबंध काय?

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चोरिसांच्या माळा टांगलेल्या दिसतात. त्यातही डुकराचे मांस आणि चरबी, मीठ, मिरची, व्हिनेगर. वाळवण उन्हात किंवा धुरीवर. घरगुती चोरिस करणाऱ्या बाईकडे अन्न निरीक्षक गेला, तर त्याने अंगणाची फरशी पाहावी की चोरिसातले मीठ, आंबटपणा आणि ओल मोजावी? दुसरे काम जास्त कष्टाचे आहे. त्यासाठी बाजाराच्या जवळ, परवडेल अशी तपासणीची सोय लागेल.